देव्हाऱ्यातली पाचवी

"कानतुटका कप बरोबर माझ्याच वाट्याला येतो. घरात चौदा कप हायेत, पण ह्योच कसा काय सापडतो ह्यांना, देव जाणे."

समर्थ पडवीत एकटाच पुटपुटत होता. कुणी ऐकत नाही असं त्याला वाटलं. पण पत्र्याच्या आडोशापलीकडं हातभर अंतरावर त्याची आई, जयमाला, कांद्याची पात कापत बसली होती. तिनं ऐकलं आणि विळा जागच्या जागी थांबला. तो कप सापडत नव्हता. गेले बारा दिवस तीच तो निवडून काढत होती. कप धुताना मनाला सांगत होती, की कप म्हणजे कप, त्यात काय एवढं.

चैत्राचं ऊन अंगणात नुसतं पेटलं होतं. कांद्याचा ढीग तिच्या कमरेएवढा, आणि कापून झालेले घमेलंभरच. पडवळांचं एके काळी अकरा एकर रान होतं. आता उरलेत बावीस गुंठे, तेही कंपन्यांच्या दोन भिंतींच्या मधोमध. उगवतीकडच्या भिंतीमागं गाड्यांच्या पत्र्याला रंग द्यायचं काम चालतं. वारा फिरला की कांद्याच्या वासात रंगाचा वास मिसळतो आणि डोळ्याला पाणी नक्की कशानं आलं ते कळत नाही. जयमालेला अलीकडं त्याची सोयच झाली होती.

मावळतीकडची भिंत समर्थच्या कंपनीची. अंगणातून तिचं गेट दिसायचं. भोंगा झाला की तो चपला घालायचा आणि सातव्या मिनिटाला आत. समर्थ तिथं वेल्डर. फाल्गुनात एकदा तापलेला जॉब, म्हणजे हातातला लोखंडी तुकडा, त्याच्या मनगटाला चिकटला आणि त्याला कळलंच नाही. शेजारच्या मशीनवरच्या तौफिकच्या नाकात वास गेला, तो ओरडला, "भावा, हात जळतोय तुझा, हात!" तेव्हा समर्थनं खाली बघितलं. मनगटाच्या वर फिकट चट्टा होता, दोन वर्षांपासूनचा. उन्हाचा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"कळतंय का?"

"काय?" समर्थ म्हणाला.

झालं. तेवढ्यावरच कळलं.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. घरातल्या सगळ्यांना बोलावून त्यांनी तपासलं, कुणाला काही नव्हतं. मग समोर बसवून सांगितलं, की हा कुष्ठरोग आहे, पूर्ण बरा होतो, बारा महिने गोळ्या घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की याच्यापासून कुणाला लागायची भीती नाही. हा रोग आईबापाच्या रक्तातून येत नाही. घरात याचं काही वेगळं ठेवू नका. जयमालेनं प्रत्येक वाक्याला मान हलवली. घरी आली आणि कानतुटका कप वेगळा काढला.

त्या दिवसापासून घरात रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. "चट्टा" म्हणायचे. "त्याची गोळी" म्हणायचे. समर्थची बायको वर्षाली पाच महिन्यांची पोटुशी. ती तिसऱ्या दिवशी नारायणगावला माहेरी गेली. "मला हितल्या रंगाच्या वासानं मळमळतं," म्हणाली. तो वास तिच्या लग्नाच्या आधीपासून होता. पण जयमाला म्हणाली, "व्हय बाय, जा. मळमळतंच." आणि तिची पिशवी भरून दिली.

आठ दिवसांनी वर्षालीच्या वडलांचा, जयसिंगरावांचा फोन आला. माणूस तोंडाळ नव्हता. मऊच बोलला, म्हणून जास्त लागलं.

"इहीनबाई, राग मानू नका. पोरीच्या पोटात पोर हाय. तुमच्या वंशात हे आधी कुणाला व्हतं का, तेवढं सांगा. चार पिढ्यांचं लिहून काढा, कोण कशानं गेलं. नसलं कुणाला, तर मी समजंन की भायेरनं आलं, बरं हुईल. पन वंशातच आसलं तर..."

"डॉक्टरबाई म्हणल्यात, रक्तातनं न्हाई येत."

"डॉक्टरबाईंना काय, पोरगी द्यायची हाय का तुमच्या घरात?"

"लिहिते," म्हणून जयमालेनं फोन ठेवला.

तिनं समर्थच्या शाळेची जुनी वही काढली. सातवी झालेली बाई, अक्षर मोठं आणि गोल. नवरा ज्ञानदेव कांद्याच्या पिशव्या शिवत होता, त्याच्यापुढं जाऊन बसली.

"आवं, तुमच्या आज्याचं नाव सांगा. आन कशानं गेलं ते."

"राघू. बैलानं मारलं, त्यातनं उठलाच न्हाई."

"त्यांचे वडील?"

"बाळू. म्हातारा हून गेला. ल्ही, म्हातारपन."

"तुमचे वडील?"

"दत्तोबा. आता माझ्या बापाचं बी इचारतीस व्हय? तुझ्याम्होरंच गेला की, छातीत कळ येऊन."

"बाया सांगा आता."

ज्ञानदेवानं दाभण थांबवला. "बायांचं कोन ध्यानात ठिवतं गं? आज्जी काशी. पटकीनं गेली, मी पाच वरसांचा आसंन तवा. बास."

"काशीबाई दुसरेपणाच्या. पहिल्या कोण?"

"ते आयेला इचार," म्हणून त्यानं दाभण असा काही ओढला, की सुतळीच तुटली.

पहिली कोण हे जयमालेला माहीत नव्हतं असं नाही. तिला ती रोज भेटायची. देव्हाऱ्यात देवांच्या टाकांखालच्या ओळीत माणसांचे पाच टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली माणसं, अंगठ्याएवढी. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचा टाक घडवायचा आणि देवात बसवायचा, ही पडवळांची रीत. चार टाक पुरुषांचे, चौघांची नावं ठाऊक. पाचवी बाई. तिला म्हणायचे "थोरल्या". राघूबाबांची पहिली बायको. पहिली गेल्यावर दुसरी करायची, तर पहिलीचा टाक आधी देवात बसवायचा, मगच दुसरीच्या गळ्यात मणी बांधायचा. आणि मग घरातल्या सुनांनी कुठलंही नवं लुगडं नेसण्याआधी तिला दाखवायचं. जयमालेनं तीस वर्षं दाखवलं होतं. दिवाळीचं, लग्नाकार्याचं, बाजारातलं अडीचशेचं सुद्धा. "थोरल्या, बघा बरं कसं हाय," म्हणायची. घरात तिच्याशी इतकं दुसरं कुणी बोलतही नव्हतं.

सासू यशोदाबाई ऐंशीच्या पुढं गेलेली. ओसरीवर शेंगा फोडत होती. डोळे गेलेले, पण बोटं शाबूत.

"आत्याबाई, थोरल्या कशानं गेल्या वो?"

"कोन थोरल्या?"

"टाकातल्या."

"देवाला कुणी कशानं गेला आसं इचारतं का गं?"

"देव न्हाई, तुमच्या सासऱ्यांची पहिली बायको ती. मामंजींची सख्खी आई. म्हंजी ह्यांची आज्जी, आपल्या समर्थची पणजी."

"माज्या आदीची गोष्ट ती. मी आली तवा ती टाकातच व्हती."

"नाव काय व्हतं त्यांचं?"

"थोरली."

"आईबापानं काय पाळण्यात थोरली म्हणून हाक मारली आसंल का?"

म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या. "मला परसाकडं जायाचंय," म्हणाली आणि काठी चाचपायला लागली. पुढचे आठ दिवस जयमालेच्या वहीचं पान वाजलं, की तिला परसाकडं जायचं असायचं.

शेवटी जयमाला एकटीच राजगुरुनगरला गेली. कचेरीसमोर लालमहंमद चाचांची टपरी होती. हयातभर दफ्तरखान्यात शिपाई होते, आणि जुनी मोडी लिपी वाचणारी त्या भागात दोन-तीन माणसं उरली होती त्यातले एक. हल्ली त्यांच्याकडं रांग लागायची. तिला बघताच त्यांनी चष्मा पुसला.

"कुणबी नोंद का? आणा, गाव कुठलं?"

"नोंद न्हाई चाचा. बाई शोधायचीय."

"बाई?" चाचा हसले. "माझ्याकडं पणजोबा शोधायला येतात सगळे. पणजी मागणारी तुम्ही पहिलीच."

गावच्या कोतवाल बुकाच्या नकला तिनं अर्ज करून आदल्या आठवड्यात मागवल्या होत्या. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल त्यात लिहून ठेवायचा. चाचांनी एकेक ओळीवर नख फिरवत वाचायला सुरुवात केली. जयमाला कान देऊन उभी. वाचतायत ते मोडी, आणि हिला ओळीओळीत आपलं घर दिसतंय.

"सन छत्तीस. राघू बाळू पडवळ, यास मुलगा."

"ते माझे सासरे. आईचं नाव?"

"आईचं लिहीत नसत. यास मुलगा, यास मुलगी. बाईनं जन्म दिला हे गृहीतच." चाचांनी पान उलटलं. "सन एकोणचाळीस. राघूस मुलगी. तीन दिवसांनी मयत. सन बेचाळीस. राघूस मुलगी. मयत, देवी येऊन."

जयमालेचे ओठ हलले. ह्या पोरी टाकात नव्हत्या. कशातच नव्हत्या.

"म्होरं बघा चाचा. बेचाळीसच्या म्होरं. राघूची पहिली बायको मयत, आसं कुठं हाय का?"

चाचांनी बघितलं. बेचाळीस ते एकोणपन्नास, सगळी पानं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"सन अठ्ठेचाळीस, राघूस मुलगा. हा दुसरीचा?"

"व्हय. त्यो बी लहानपनीच गेला. काशीबाईंचा."

"म्हणजे दुसरं लग्न त्याच्या आधी. सेहेचाळीस-सत्तेचाळीस धरा. पण पहिली मयत झाल्याची नोंद नाही."

"ऱ्हायली आसंल लिहायची."

"बाई," चाचा चष्मा काढून म्हणाले, "ह्या कोतवालानं पुरात वाहून गेलेला फकीर लिहिलाय. नाव नाही, गाव नाही, तरी लिहिलाय. पाटलाच्या आळीतली बाई तो विसरंल?"

"मंग?"

"मग काय. ह्या गावात ती मेली नाही."

"माहेरी मेली आसंल."

"असंल," चाचा म्हणाले. पण कागदाची घडी घालताना ते तिच्याकडं बघत नव्हते.

चाकणला येईपर्यंत एसटीत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माहेरी मेली असती, तर माहेरचं नाव घरात राहिलं असतं. तिच्या भावाकडून चोळी आली असती, दहाव्याला कुणी आलं असतं, सोयरीक कुठंतरी धागाभर तरी उरली असती. पडवळांच्या घरात भांडणातसुद्धा त्या माहेराचं नाव कधी निघालं नव्हतं. घरानं मेलेल्या बाया विसरल्या होत्या, पण अशा धुऊन पुसून नव्हत्या विसरल्या. सोनारानं टाक घडवला तेव्हा ही बाई कुठं होती?

उत्तर तिला कळलं होतं. म्हणून तर तिनं पुढं विचार केला नाही.

घरी आल्यावर तिनं वही उघडली आणि थोरल्यांच्या पुढं लिहिलं, "माहीत नाही". मग ते खोडलं आणि लिहिलं, "ताप". तिच्या त्या गोल अक्षरात ते अगदी खरं दिसत होतं. मग जयसिंगरावांना फोन लावला.

"कुणाला न्हाई, दादा. राजगुरुनगरला जाऊन कागद बघून आले. चार पिढ्यांत कुणाला न्हाई."

"बरं झालं. जीव भांड्यात पडला." आणि त्यांनी पुढचं काढलं. "मंग आसं करू. गोळ्या संपस्तोवर समर्थरावांनी भायेर कुठं तरी ऱ्हावं. मी लगोलग वर्षालीला आणून सोडतो. नातू तुमच्याच घरात जलमू दे."

जयमालेनं फोन ठेवला. हे पोराला कसं सांगावं, या काळजीत ती चुलीपाशी बसली. पण सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना समर्थ ताटाकडं बघत म्हणाला,

"दापोडीला खोली बघितलीय. एका पोराबरोबर. शिफ्टला जायला बरं पडंल."

कंपनीचं गेट जेवताजेवता दारातून दिसत होतं. दापोडीहून तिथं यायला दोन बस लागतात.

"व्हय," ज्ञानदेव म्हणाला. "शिफ्टचं कसं, येळीअवेळी जावं लागतं."

"बरंच पडंल," जयमाला म्हणाली. "भाकरी वाढू का?"

वर्षालीचा त्याला फोन आला असेल, की त्यानं आईचं बोलणं आडून ऐकलं असेल, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. दोन दिवस सगळं घर शिफ्टवरच बोलत होतं. जनरल चांगली की सेकंड चांगली. ओव्हरटाइम मिळतो का. ज्ञानदेवानं तर शेजाऱ्यालाही विचारलं, की दापोडीहून चाकणची पहिली बस कितीला असते.

रविवारी सकाळी समर्थची बॅग अंगणात आली. कांद्याच्या ढिगाशेजारी. ज्ञानदेवानं मोटारसायकल पुसून ठेवली होती. जयमालेनं डबा बांधला, लोणच्याची बरणी दिली, महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट वर ठेवलं आणि त्याच्यावर रुमाल टाकला, उगाच कुणी बघू नये म्हणून.

"ऊन लागायच्या आत निघा," ती म्हणाली. "शनवारी येत जा."

"बघतो. शिफ्ट कशी असंल त्यावर," समर्थ म्हणाला.

तो आजीच्या पाया पडायला ओसरीवर गेला. वाकला, पण पावलांना हात न लावता वितभर अलीकडंच थांबला. हल्ली तो असाच नमस्कार करायचा. यशोदाबाईला दिसत नव्हतं. तिनं हात पुढं करून हवेत चाचपलं, तिला काही लागलं नाही. तिनं आणखी हात पुढं केला आणि त्याचं मनगट पकडलं. चट्ट्यावरच.

"आज्जी, सोड. नको."

"कुटं चाललास?"

"दापोडीला. शिफ्टला बरं—"

"कंपनी हितं हाय. मला दिसत न्हाई, पन भोंगा ऐकू येतो."

"आये," ज्ञानदेव मोटारसायकलपासून म्हणाला, "त्याला उशीर व्हतोय. गप ऱ्हा की जरा."

"गपच हाय मी. तू पाळण्यात व्हतास तवापासनं गप हाय."

जयमाला पुढं झाली. "आत्याबाई, परसाकडं जायाचंय का? चला, मी नेते."

"न्हाई जायाचं मला कुटं." म्हातारीनं समर्थचा हात सोडला नव्हता. तो ओढून घेत होता आणि ती आणखी घट्ट धरत होती. शेंगा फोडून तिच्या बोटांत अजून बळ होतं. "तू इचारत व्हतीस न्हवं, नाव काय म्हनून? भिवरा. भिवरा नाव व्हतं तिचं."

जयमाला जागच्या जागी उभी राहिली.

"ज्ञानूचं बारसं दुसऱ्या दिशी व्हतं. मी बाळंतीण. दारात एक बाई आली. हाता-पायाला चिंध्या बांधल्याल्या. आत आली न्हाई, त्या तिकडं बाभळीखाली हुबी ऱ्हायली. मला म्हनली, 'दत्तूचं पोरगं का गं? लांबनंच दाव. मी शिवत न्हाई.' मी म्हनलं, तुमी कोन? तर म्हनली, 'मी भिवरा.' मला कळंना. भिवरा कोन आमची? तवर काशी सासूबाई आतनं आल्या. मला दंडाला धरून आत वढली आन दाराला कडी घातली. म्हनल्या, भिवरा मेलीया. तिचा टाक हाय घरात."

ज्ञानदेव मोटारसायकलचा आरसा पुसत होता. पुसलेलाच आरसा पुन्हा पुसत होता.

"मी दाराच्या फटीतनं बघितलं. सांजपस्तोर बसली व्हती ती बाभळीखाली. पोर रडायला लागलं की मान वर करायची. नुसतं आयकायची. मंग उठली आन गेली. गेल्यावर सासूबाईंनी मला टाक धुयाला लावला, हळदकुकू व्हायला लावलं, निवद दावायला लावला. दारातली हाकलली आन देवातलीला पुरनपोळी दावली मी. ह्या हातानं."

"आज्जी..." समर्थ म्हणाला.

"तुज्या आज्याला मी सांगितलं न्हाई. आई मेली म्हनून त्यो सालाला पान वाढायचा आन रडायचा. मी ताट करून द्यायची. सांगितलं आसतं तर गेला आसता तिला हुडकायला. मंग माझं घर नासलं आसतं, म्हनून न्हाई सांगितलं."

जयमालेला वाटलं, आता पुरे, आता कुणीतरी म्हातारीला थांबवावं. थांबवायला ती स्वतःच सगळ्यांत जवळ उभी होती. ती हलली नाही.

"माहारोग झाला व्हता तिला," यशोदाबाई म्हणाली. शब्द अंगणात मोठ्यानं पडला. भिंतीपलीकडं मशीन चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेला. "आन ती मेली न्हवती. जित्ती व्हती. नवऱ्यानं दुसरी केली तवा जित्ती व्हती, सोनारानं टाक ठोकला तवा जित्ती व्हती, तुमी लुगडी दावत व्हता तवा बी कुटंतरी जित्ती आसंल. घरात घ्यायला नको म्हनून आमी तिला देवात घातली. आन आज तुमी ह्याला शिफ्टला घालताय."